सब ठीकचा रिपोर्ट

यशोवर्धनला सैन्याची फार ओढ होती. भरती होण्याइतकी नव्हे, पण तसले बूट विकत घेण्याइतकी नक्की. पुण्याहून बेंगळुरूला येऊन त्याने 'तटबंदी वेल्थ' नावाची कंपनी काढली तेव्हाच मीटिंगच्या खोलीला 'चौकी' आणि डबे खायच्या खोलीला 'लंगर' म्हणायची पद्धत पाडली. विक्रीखात्यातल्या मुलामुलींना तो 'जवान' म्हणायचा. टार्गेट हा शब्द तेवढा बदलावा लागला नाही.

या फौजेत बिंदुराव कुठेच बसत नव्हते. बिंदुमाधव राव, राहणार चामराजपेट. घराणं शहाजीराजांच्या बरोबर इकडे आलं असं त्यांचे वडील सांगत. कशासाठी आलं ते वडिलांनाही ठाऊक नव्हतं. कंपनीची कुठलीही नवी योजना बाजारात जाण्याआधी वाचायची, आणि तिच्यात गिऱ्हाइकाची फसवणूक नाही असं लिहून खाली सही करायची, हे त्यांचं काम. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. चष्मा पुसत पुसत ते वर्ष काढायचं, असा त्यांचा बेत होता.

अशात यशोवर्धनने कर्नल व्यंकोजी शिंदे यांना आणलं. कर्नलसाहेब निवृत्त, मुक्काम येलहंका, मिशा अजून सेवेत. सैन्यातलं नेतृत्व धंद्यात कसं आणायचं, आणि तेही सचोटीने, हे त्यांनी कंपनीला शिकवायचं होतं.

पहिल्याच व्याख्यानात ते म्हणाले, "अधिकारी पुढे चालतो."

"व्हिडिओ कॉलवरून चाललं तर?" यशोवर्धनने विचारलं. तो दर महिन्याला दुबईला जायचा.

कर्नलसाहेबांनी एकदा त्याच्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "स्वल्प कठीण आहे."

व्याख्यानं दोन झाली आणि तिसऱ्या वेळी त्यांनी सगळ्यांना उठवून काचेच्या भिंतीशी नेलं. नववा मजला, समोर बेळ्ळंदूरचं तळं. अर्ध्या पाण्यावर जलपर्णी, अर्ध्यावर पांढरा फेस. पलीकडच्या काठावर उंच गवत. सूर्य नुकताच टेकला होता.

"याला स्टँड-टू म्हणतात," कर्नलसाहेब म्हणाले. "हल्ला येतो तो उजाडताना नाहीतर मावळताना. म्हणून त्या वेळी सगळी पलटण आपापल्या खंदकात उभी राहते. दिवा नाही, बोलणं नाही, विडी नाही. प्रत्येकाने आपल्यापुढचा तुकडा बघायचा. मग साहेब विचारतो आणि जो तो रिपोर्ट देतो. काही नसेल तर 'सब ठीक'. असेल तर जे असेल ते. आणि वळून मागे बघायचं नाही."

"मागे का नाही, सर?" वाणीने विचारलं. वाणी बिंदुरावांच्या हाताखाली होती आणि प्रश्न विचारण्याची सवय तिची अजून गेली नव्हती.

"मागे ज्यांच्यासाठी उभे आहोत ते असतात, अम्मा. त्यांच्याकडे बघावं लागत नाही. ते आहेत एवढं ध्यानात असलं म्हणजे झालं." त्यांनी पाठीवर हात बांधले. "बंदूक हरवली तर सैन्यात शिक्षा आहे. खोट्या 'सब ठीक'ला वेगळी शिक्षा ठेवायची गरज पडत नाही. तो देणारा सहसा शिक्षा घ्यायला उरत नाही."

"पॉवरफुल," यशोवर्धन म्हणाला, आणि रोज संध्याकाळी स्टँड-टू होईल असं जाहीर करून टाकलं. उजाडतानाचा मात्र ट्रॅफिकमुळे रद्द झाला.

तेव्हापासून दिवस मावळला की नवव्या मजल्यावरचे दिवे जायचे, संगणकांचे पडदे काळे व्हायचे, एसीची घरघरसुद्धा कुणीतरी बंद करायचं. मागे जिन्याच्या दारावरचा हिरवा दिवा तेवढा राहायचा. सगळे काचेशी ओळीने उभे. कर्नलसाहेब ओळीच्या मागे, पाठीवर हात बांधून. काही वेळाने त्यांचा आवाज यायचा, "रिपोर्ट", आणि डावीकडून 'सब ठीक' सुरू होऊन उजवीकडे यशोवर्धनपाशी संपायचं. मग दिवे, मग चहा. बिंदुरावांना ते आवडायला लागलं होतं. दिवसभरात तेवढाच वेळ कुणी त्यांना काही पाठवत नसे.

पहिला माणूस त्यांना दिसला तो सोमवारी.

पलीकडच्या काठावर, गवताच्या वर, कुणीतरी उभं होतं. माणूसच. हात मांडीला चिकटलेले, तोंड इकडे. इतक्या लांबून चेहरा दिसणं शक्य नव्हतं आणि दिसतही नव्हता. असेल कुणी गुराखी, असं बिंदुरावांनी ठरवलं. पण गुराखी इतका वेळ स्वस्थ उभा राहत नाही. निदान कान तरी खाजवतो.

"रिपोर्ट."

"सब ठीक," बिंदुराव म्हणाले. आता गुराख्याचा काय रिपोर्ट द्यायचा?

दुसऱ्या दिवशी काठावर तीन-चार जण होते. बुधवारपर्यंत रांग झाली होती. सरळ, सारख्या अंतरावर, सगळ्यांची तोंडं इमारतीकडे. वारा सुटला, तळ्यावरचा फेस उडाला, गवत पार आडवं झालं. रांगेतल्या कुणाचा सदरासुद्धा हलला नाही. बिंदुरावांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून शेजारी पाहिलं. वाणी समोर बघत होती आणि तिच्या गळ्याची शीर उडत होती.

"सब ठीक," वाणी म्हणाली.

"सब ठीक," बिंदुराव म्हणाले.

"ऑल ओके," यशोवर्धन म्हणाला. तोही थोडा उशिराच.

चहाच्या वेळी सगळेजण एकमेकांशी क्रिकेटवर बोलले. ज्यांना क्रिकेट कळत नव्हतं तेही बोलले.

त्याच रात्री जेवताना घरी सुब्बाराव आले. सुब्बाराव म्हणजे बिंदुरावांच्या बायकोचे, अनुसूयाबाईंचे थोरले भाऊ. पूल बांधणाऱ्या पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आसामात एका नदीवर लोखंडी तुळई खांद्यावर आली होती; तेव्हापासून त्यांचा डावा खांदा उतरलेला होता आणि सदरा त्या बाजूने नेहमी लोंबायचा. आज ते खुशीत होते.

"काय राव, घरात एवढी चांगली योजना ठेवून आम्हाला सांगत नाही? 'शौर्य'! आमच्या निवृत्त लोकांसाठी खास! येलहंक्याच्या कँटीनमध्ये तुमच्या कंपनीचा पोरगा आला होता. फॉर्म भरून टाकला सोमवारीच. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी भरला."

बिंदुरावांचा घास तोंडाशी थांबला. "सगळं घातलंत की काय?"

"मग काय उशीखाली ठेवू? वानगी म्हणून थोडं घालायचं असतं ते आंबे घेताना. व्यंकोजी शिंदेसाहेब तिथे आहेत म्हणाला पोरगा. ते आहेत म्हटल्यावर वाचायचं काय? आणि तुम्ही आहातच की."

"अण्णा, भात घे अजून," अनुसूयाबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून, "अहो, तुम्ही का गप्प?"

"मीठ कमी आहे," बिंदुराव म्हणाले. मीठ बरोबर होतं.

'शौर्य' त्यांनी वाचली होती. वाचायला कठीण काही नव्हतं. माजी सैनिकांच्या निवृत्तीचे पैसे सात वर्षं अडकणार. त्या पैशाचं कर्ज यशोवर्धनच्या सासऱ्यांना मिळणार. सासऱ्यांचे अर्धवट बांधलेले टॉवर दोन वर्षं तसेच उभे, आत झाडं वाढलेली. फॉर्म भरून घेणं चालू होतं, पण पैसे बँकेतून हलणार होते ते बिंदुरावांनी 'सब ठीक'ची सही केल्यावर. सहीची तारीख शुक्रवार.

गुरुवारी सकाळी यशोवर्धनने त्यांना चौकीत बोलावलं. तो चांगलं बोलायचा, हे त्याच्या शत्रूंनाही मान्य होतं.

"सर, बसा ना. कॉफी? बघा, तुम्ही तीन आठवडे 'शौर्य' घेऊन बसलाय. आय अंडरस्टँड. पण रिस्क घेतल्याशिवाय लीडरशिप नाही, कर्नलसाहेबही हेच म्हणतात."

"कर्नलसाहेब स्वतः रिस्क घ्यावी असं म्हणतात," बिंदुराव म्हणाले. "दुसऱ्याला पुढे पाठवून नव्हे."

"तेच! म्हणून तर त्यांना आणलं. त्यांच्या नावाने माजी सैनिक किती विश्वासाने येतायत बघा." यशोवर्धनने हे इतक्या निर्मळपणे सांगितलं की बिंदुरावांना एक क्षण ते कौतुकच वाटलं. "सर, तुमचं एक वर्ष राहिलंय. सन्मानाने जावं असं मला मनापासून वाटतं. तुम्ही सही नाही केलीत तर मला दुसरा माणूस शोधावा लागेल. वेळ लागेल, इन्व्हेस्टर चिडतील, आणि तुमचं ते वर्ष... मी तरी काय करणार?"

"सरी," बिंदुराव म्हणाले. या कानडी शब्दाचं एक बरं असतं. हो म्हटल्यासारखंही होतं आणि ऐकलं म्हटल्यासारखंही.

त्या संध्याकाळी रांग लांब झाली होती. बिंदुरावांची नजर त्यांच्या समोरच्या तुकड्यात गेली आणि तिथेच राहिली. एका माणसाचा सदरा एका बाजूने लोंबत होता.

बिंदुरावांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग त्यांनी नीट पाहिलं. खाली उतरलेला खांदा त्यांच्या डावीकडे होता. समोर तोंड करून उभ्या माणसाचा आपल्या डावीकडचा खांदा म्हणजे त्याचा उजवा. सुब्बाअण्णांचा डावा. म्हणजे हा दुसरा कुणीतरी. जगात एका सुब्बारावांचाच खांदा उतरलाय असं थोडंच आहे? बिंदुरावांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी 'सब ठीक' जरा जोरातच म्हटलं.

पण रात्रभर त्यांना तो दुसरा कोण ते कळेना.

शुक्रवारी दुपारी ते ऑफिसातून उतरले आणि रिक्षा करून पलीकडच्या काठावर गेले. काचेतून तो हात लांबवला तर लागेल असा दिसायचा. रिंग रोडवरून जायला सिनेमाचा अर्धा भाग संपेल एवढा वेळ लागला. रिक्षावाल्याने तळ्याच्या वासाला नाक दाबून त्यांना सोडलं आणि थांबायला नाही म्हणाला.

तिथे काठ नव्हताच. गवत होतं ते पाण्यातूनच वर आलेलं, खाली काळा चिखल. बिंदुरावांनी पाऊल टाकून पाहिलं. चिखलाने बूट घोट्यापर्यंत घेतला आणि द्यायला कुरकुर केली. इथे एक माणूस उभा राहणं शक्य नव्हतं, रांगेचं तर नावच नको.

बांधावर एक बाई गवताचे भारे बांधत होती. गंगव्वा तिचं नाव; गुरं पाळणाऱ्यांना चारा विकायची. बिंदुरावांनी कन्नडातून विचारलं, "अक्का, संध्याकाळी इथे लोक येऊन उभे राहतात ते कोण?"

"इथे?" गंगव्वा हसली. "इथे बगळासुद्धा उभा राहत नाही, अण्णा."

"मला रोज दिसतात. त्या इमारतीतून."

तिने विळा खाली ठेवला आणि त्यांच्याकडे नव्याने पाहिलं. "त्या काचेच्यातले तुम्ही? दिवे घालवून उभे राहता ते?" ती जराशी मागे सरली. "आमच्यात सगळ्यांना माहीत आहे ते. दिवस बुडाला की आम्ही तिकडे तोंड करत नाही. काय पूजा करता की काय करता."

"पूजा नाही. नुसते उभे राहतो. एक ओळ."

"एक कुठे?" गंगव्वा म्हणाली. "तुम्ही काचेला लागून उभे राहता. आणि तुमच्या मागे दुसरे उभे असतात. ते कोण?"

बिंदुरावांनी वळून इमारतीकडे पाहिलं. तळ्यावरून फेसाचा एक गोळा उडत आला आणि बांधावर बसला.

परतीच्या वाटेवर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती लहान मुलालाही कळते. आरशात बघितलं तर डावा खांदा डावीकडेच दिसतो.

ते पोचले तेव्हा दिवस कलला होता. त्यांच्या टेबलावर 'शौर्य'चा कागद, शेजारी उघडं पेन. यशोवर्धनने पेढे मागवले होते. "सर, कुठे होतात? बूट काय झाले? असो, आधी स्टँड-टू, मग सही, मग फोटो. कर्नलसाहेबही हवेत फोटोत."

दिवे गेले.

बिंदुराव आपल्या जागी उभे राहिले. समोर तळं, तळ्यापलीकडे रांग. पण आता त्यांना ती तळ्यापलीकडे दिसेना. काचेत दिसत होती. गवताच्या वर नाही, त्यांच्या स्वतःच्या खांद्यावरून, हिरव्या दिव्याच्या अंधुक उजेडात. सगळी वयस्क माणसं, ताठ, हात मांडीला चिकटलेले. ओळीने उभी होती, जशी विश्वासाने उभी राहायची सवय लागलेली माणसं उभी राहतात. नेमका त्यांच्या मागे, दोन पावलांवर, लोंबणाऱ्या सदऱ्याचा तो माणूस. आता चेहराही होता. सुब्बाअण्णा थट्टा करण्याआधी जसे ओठ दाबत तसे दाबलेले.

सुब्बाराव या वेळी घरी टीव्हीपुढे असतात, हे बिंदुरावांना ठाऊक होतं. त्याने काही फरक पडला नाही.

आणि खरं सांगायचं तर त्यांना लाजही वाटली. एवढी रांग आठवडाभर मागे उभी होती, ती काही बिंदुरावांना दिसत नव्हती असं नाही. मेहुणे आल्यावर ओळख पटली.

"रिपोर्ट," मागून कर्नलसाहेबांचा आवाज आला. आज तो कोरडा होता.

"सब ठीक." "सब ठीक." "सब ठीक." डावीकडून ते जवळ येत होतं. वाणीपाशी येऊन क्षणभर अडखळलं. "सब... ठीक."

बिंदुरावांची पाळी.

एक वर्ष, त्यांच्या मनात आलं. एकच.

"सब ठीक नाही," ते म्हणाले.

ओळीतून श्वास घेतल्याचा आवाज आला. कुठून आला ते सांगता आलं नसतं. पुढच्या ओळीतून की मागच्या.

"काय आहे ते सांगा," कर्नलसाहेब म्हणाले.

"आपल्या मागे माणसं उभी आहेत. शौर्यचे फॉर्म भरलेली. त्यांचे पैसे जाणार आहेत, आणि ते मला तीन आठवडे माहीत आहे. मी सही करणार नाही."

"सर, हा काय ड्रामा—" यशोवर्धन म्हणाला.

"स्टँड-टूमध्ये बोलायचं नाही," कर्नलसाहेब म्हणाले. "पुढे. रिपोर्ट."

बिंदुरावांच्या उजवीकडचा मुलगा विक्रीतला होता, येलहंक्याच्या कँटीनमध्ये फॉर्म भरून घेणारा. "मलाही दिसतात, सर. सोमवारपासून." मग वाणी, पाळी नसताना, "मी खोटं बोलले." मग पलीकडून एक, मग आणखी एक. होत होत रिपोर्ट उजव्या टोकाला गेला.

यशोवर्धन काचेकडे बघत होता. घाम त्याच्या कानामागून कॉलरमध्ये उतरत होता.

"ऑल ओके," तो म्हणाला.

मग बिंदुरावांनी नियम मोडला. ते वळले.

मागे टेबलं होती, खुर्च्या होत्या, पेढ्यांचा खोका होता. जिन्याचं दार लावलेलं. एवढंच की फरशीवर, एका ओळीत, सारख्या अंतरावर, काळ्या चिखलाच्या खुणा होत्या. बिंदुरावांचे बूटही चिखलाचे होते, म्हणून सफाईवाल्याने त्या त्यांच्याच नावावर घातल्या.

सोमवार उजाडायच्या आत बिंदुरावांना कामावरून काढून घरी बसवण्यात आलं. सही नव्हती म्हणून पैसे हलले नाहीत. वाणीने सगळं नियामकांना लिहून कळवलं. फॉर्म परत आले. सुब्बाराव आठवडाभर चिडले होते. "चांगली योजना होती! घरचा माणूस म्हणून तुम्ही आमचंच नुकसान केलंत!" पण रविवारी ते आपणहून सीताफळं घेऊन आले आणि त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांच्या सदऱ्याच्या लोंबणाऱ्या बाजूकडे बघून अनुसूयाबाईंनी विचारलं, "अण्णा, हा चिखल कसला रे?" त्यांना आठवेना.

कर्नलसाहेबांनीही नोकरी सोडली. एकदा ते चामराजपेटेत कॉफीला आले तेव्हा बिंदुरावांनी विचारलंच. "कर्नलसाहेब, तुम्ही आमच्या मागे उभे राहायचात. म्हणजे आमच्या आणि त्यांच्या मधे. तुम्हाला काही जाणवलं नाही?"

"मानेवर गार लागायचं," कर्नलसाहेब म्हणाले. "एसी असेल म्हटलं."

"एसी बंद असायचा."

"ते मला नंतर कळलं, राव." त्यांनी कपातली कॉफी बशीत ओतली आणि फुंकर घातली. "वळलो नाही. नियम मीच सांगितला होता ना."

'तटबंदी' अजून आहे. माणसं बरीच गेली; जागा रिकामी करायची नोटीस आली आहे. दिवाळीनंतर बिंदुराव काही कामाने बेळ्ळंदूरला गेले होते तेव्हा बांधावर मुद्दाम उतरले. गंगव्वाने त्यांना ओळखलं.

"आता एकटाच उभा असतो," ती विचारण्याआधीच म्हणाली. "फौजी बूटवाला. दिवे घालवतो आणि काचेला हात लावून उभा राहतो. हलतसुद्धा नाही."

"आणि मागचे?"

गंगव्वाने इमारतीकडे पाहिलं नाही. सूर्य टेकायला आला होता. तिने घाईने भारा डोक्यावर घेतला.

"मागचे आता मागे कुठे आहेत?" ती म्हणाली. "पार त्याच्या खांद्याला लागलेत."